परतीची वायर

वायरमनच्या घरात बल्ब टिकत नाहीत म्हटल्यावर लोक हसणारच. पण मला हसलेलं खपत नाही. आमचे हे उभ्या गावात वायरिंग करत फिरतात आणि आमच्याच पुढच्या खोलीतला बल्ब आठवडासुद्धा धड काढत नव्हता. आज लावावा, चार दिवसांनी टप्प. आतल्या खोलीतलाही तसाच. स्वयंपाकघरातला तेवढा काही केल्या जात नव्हता. तो आपला मलूल, मरगळलेला, पण जिवंत.

बल्ब गेला की आमच्याकडे तो आधी कानाशी धरून हलवतात. आत तार तुटल्याची किणकिण आली की गेला म्हणायचं. हल्लीच्या एलईडी बल्बांत तसली तार नसते, हलवून काही वाजत नाही, पण सासऱ्यांची सवय सुटत नाही. ते प्रत्येक मेलेला बल्ब कानाशी धरतात, डोळे मिटतात आणि मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगतात, गेला. जसं काही आम्ही अंधारात उभे नव्हतो.

माझा पहिला संशय त्यांच्यावरच. रिटायर्ड माणूस. खोलीतून बाहेर पडले की बटण बंद, आत आले की चालू, चष्मा विसरला की परत आत, परत चालू. दिवसभर नुसतं खटक खटक. मी म्हटलं, बाबा, बल्ब आहे तो, खेळणं नव्हे. झालं, रुसले. मला दाखवायला म्हणून दोन दिवस बटणाला हात लावला नाही. मीच संध्याकाळी दिवा लावायची आणि झोपताना मालवायची. बल्ब तरीही गेला. म्हणजे दोष त्यांचा नव्हता. पण तसं मी काही त्यांना बोलून दाखवलं नाही.

मग मी दुकानदाराला धरला. मेलेले बल्ब पिशवीत भरले आणि भर गर्दीत त्याच्या काउंटरवर ओतले. तो म्हणाला, अहो वहिनी, याच खोक्यातले बल्ब सगळ्या गल्लीने नेलेत, कोणाची तक्रार नाही. आणि वर दात काढून विचारतो कसा, वायरमनदादांच्या घरी मेणबत्त्या पोचवू का? मी त्याला असं काही ऐकवलं की मागे उभं असलेलं गिऱ्हाईक काही न घेताच सटकलं. नवे बल्ब मात्र मी त्याच्याकडूनच आणले, कारण दुसरं दुकान लांब आहे.

ह्यांचं सगळ्याला एकच उत्तर. माल खराब येतो हल्ली. एवढं बोलायचं, शिडी लावायची, बल्ब बदलायचा, शिडी जागेवर. पूर्वी हे असे नव्हते. कोणाच्या घरचा पंखा नुसता कुरकुरला तरी तो का कुरकुरतो हे सापडेपर्यंत ह्यांना जेवण गोड लागायचं नाही, आणि मला ताट झाकून बसावं लागायचं. आता स्वतःच्या घरात बल्बामागून बल्ब मरतोय आणि हा माणूस म्हणतो माल खराब. मला ते खटकत होतं. हातातलं काम अर्धं टाकून मी उठायची, पुढच्या खोलीत जाऊन दिव्याकडे बघायची, परत यायची, परत उठायची. सासरे म्हणाले, सूनबाई, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? म्हटलं, हो, लागलीय.

ह्यांचंही काहीतरी बिनसलं होतं. कप डाव्या हाताने धरायचे. शर्टाची वरची बटणं उघडीच. हातात काही सामान नसतानासुद्धा कुलूप मला उघडायला लावायचे. काय झालं विचारलं की वस्सकन अंगावर येत. मी म्हटलं, वय झालं, तिरसट झाला माणूस. मीही काही गरीब गाय नाही, त्यामुळे घरात दिवसाआड खडाजंगी ठरलेली.

त्यात एक दिवस पाळणाघरवाल्या बाईंचा फोन आला. आमच्याकडचा जुना बोर्ड काढून ह्यांनी नवा बसवला, त्याच सुमारास त्यांच्याकडचाही बसवला होता. बाई म्हणाल्या, वहिनी, दादांना निरोप द्या, मुलांच्या झोपायच्या खोलीतला बल्ब पुन्हा गेलाय, जरा बऱ्या कंपनीचा आणा म्हणावं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडेही तेच रडगाणं आहे, तो दुकानदारच लुच्चा आहे. मग आम्ही दोघींनी मिळून दुकानदाराला यथेच्छ शिव्या घातल्या आणि फोन ठेवला. मला जरा बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ दाटलेलं होतं म्हणून घरात दिवे लावलेले. हे कामावर गेलेले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कपड्यांना इस्त्री करायला घेतली. इस्त्रीचं बटण दाबलं तसा माझ्या डोक्यावरचा बल्ब बसला, आणखीच मंद झाला. त्याचं काही नवल नव्हतं, तो बसायचाच. पण पुढच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, वा, आज बल्ब कसा लख्ख लागलाय, पेपरातली बारीक अक्षरंसुद्धा दिसतायत. मी ऐकलं न ऐकलं केलं. थोड्या वेळाने इस्त्री तापून आपोआप बंद झाली, आणि सासरे म्हणाले, हात्तिच्या, झाला परत होता तसा.

माझा हात शर्टाच्या कॉलरवर तसाच राहिला. मी इस्त्री बंद केली, चालू केली. ओरडून विचारलं, बाबा, आता? ते म्हणाले, लख्ख. बंद केली. आता? म्हणाले, नेहमीसारखा. पुन्हा चालू केली आणि स्वतः पुढच्या खोलीत धावले. बल्ब असा पेटला होता की बघवत नव्हतं. सासरे पेपर तोंडापुढे धरून म्हणाले, तू काय करतेस गं आत?

इतकी वर्षं वायरमनशी संसार केलाय मी. जेवताना, झोपताना, पाहुण्यांत, ह्यांची तीच पोपटपंची ऐकलीय. मोठ्या घरात, आणि आमच्याकडेही, करंट आत यायच्या वायरी तीन, पण परत जायची एकच. तिला न्यूट्रल म्हणतात. ती परतीची वायर जर सैल झाली तर करंटला परत जायला नीट वाट मिळत नाही, तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत घुसतो. एकीकडे दिवा मिणमिणतो, दुसरीकडे भडकतो, आणि भडकतो तो लवकर मरतो. एवढ्यावर थांबत नाही ते. सैल जागा तापते, तापून वायर जळते, आणि एखाद्या दिवशी घर पेटतं. लोक बिचारे बल्बाला दोष देत बसतात, असं म्हणून हे नेहमी हसायचे.

मला कळलं. मला, जिने आयुष्यात कधी वायर सोललेली नाही. मग ह्यांना कळलं नाही? बल्ब बदलताना दर वेळी वर तोंड करून त्याच दिव्याकडे बघणाऱ्या माणसाला? ह्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून हा माणूस मला माल खराब म्हणून सांगत होता आणि मी गावभर भांडत फिरत होते. माझं पित्त असं खवळलं की मी बाहेर जाऊन मेन स्विच पाडला. सासरे पंखा का थांबला म्हणून विचारत राहिले. मी सांगितलं नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या घालत राहिले, ह्यांची वाट बघत.

हे दुपारी जेवायला आले. मी बोर्डासमोर उभीच होते.

“न्यूट्रल सैल आहे ना?” मी विचारलं.

हे चपला काढायचे थांबले. म्हणाले, असेल. मग आवळा, मी म्हटलं. संध्याकाळी बघतो, आता भूक लागलीय, असं म्हणून हे आत जायला लागले. मी वाट सोडली नाही. म्हटलं, तुम्हाला होत नसेल तर टेपवाल्याला बोलावते.

टेपवाला म्हणजे आमच्या भागातला दुसरा वायरमन. तरुणपणी ह्यांच्याच हाताखाली शिकला, मग वेगळा झाला. जिथे एक वेढा पुरे तिथे हा अर्धं रीळ काळी टेप गुंडाळतो, म्हणून ह्यांनीच त्याला हे नाव पाडलेलं, आणि आता गाव त्याला त्याच नावाने ओळखतं. त्याचं नाव मी मुद्दाम काढलं. लागावं म्हणूनच काढलं.

हे म्हणाले, माझ्या बोर्डाला दुसऱ्याचा हात लागणार नाही. मग तुमचा लावा, असं म्हणून मी ह्यांच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि ह्यांच्या उजव्या हातात कोंबला. तो निसटून खाली पडला. मला वाटलं, रागाने टाकला. मी उचलून पुन्हा दिला. या वेळी हे आपल्या बोटांकडे बघत राहिले, एकेक बोट डोळ्यांनी बघून त्याच्याभोवती मिटलं, आणि तो तरीही पडला. फरशीवर गडगडत दारापर्यंत गेला.

“अंगठा आणि ही दोन बोटं,” हे म्हणाले. “कळतच नाहीत मला. स्क्रू आवळतो, पुरता आवळला असं वाटतं. आवळलेला नसतो.”

डॉक्टरकडे जाऊन आले होते, एकटेच. मानेत शीर दबलीय म्हणे. ऑपरेशन करून बोटं येतील किंवा येणार नाहीत, सांगता येत नाही. मी किती बोलले होते या माणसाला. बटणांवरून बोलले, कुलपावरून बोलले. मला रडू फुटलं आणि त्याचाही रागच आला. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? हे म्हणाले, रोज ठरवत होतो. बल्ब बदलता येतो अजून, तो मुठीत धरता येतो. तेवढंच करत होतो.

मी पदराने डोळे पुसत होते आणि पुसता पुसता माझा हात थांबला. आवळलेला नसतो, असं म्हणाले होते हे. आमच्या घरचा, असं नव्हते म्हणाले.

“पाळणाघर?” मी विचारलं.

हे खाली बघत म्हणाले, जातो मी अधूनमधून, बल्ब देऊन येतो त्यांना.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आधी मुलं आली नाहीत. आधी आलं ते आमचंच. हे बाहेर फुटलं की उद्यापासून ह्यांना कोणी दारात उभं करणार नाही. ज्या हातावर घर उभं आहे तो हात गेला हे सगळ्यांना कळणार. ह्यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण लगेच म्हणाले, रविवारी पाळणाघर बंद असतं, किल्ली शेजारी ठेवलेली असते, तू चल माझ्याबरोबर, मी सांगतो तसं आवळ, कोणाला कळायचंसुद्धा नाही. आणि मी मान हलवली. हो, हलवली मी. सोय होती ती. कोणाचं काही बिघडणार नव्हतं असं वाटलं.

सासरे पुढच्या खोलीच्या दारात केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. एरवी बल्बावर दहा वाक्यं बोलणारा माणूस. एवढंच म्हणाले, “आत्ता मुलं झोपलेली असतील तिथे.”

ह्यांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. ताट तसंच राहिलं. मी दार ओढून घेतलं आणि आम्ही निघालो. पाळणाघर काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरेना. हे भराभर पुढे जायचे, मग एकदम हळू व्हायचे, मग कोपऱ्यावर थांबून घाम पुसायचे. मी म्हणायची, चला. वाटेत ह्यांनी फोन काढला. डाव्या अंगठ्याने नंबर लावायला वेळ लागला. मला वाटलं, बाईंना लावतायत. तिकडून कोणीतरी बोलल्यावर हे म्हणाले, पाळणाघरात ये, एक न्यूट्रल बघायचाय, लगेच ये. टेपवाला होता. फोन खिशात टाकून हे माझ्याकडे न बघता चालायला लागले, आणि मीही जीभ आवरली.

बाईंनी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. आत सतरंजीवर मुलं ओळीने झोपली होती, कोणी पालथं, कोणी दुसऱ्याच्या पोटावर पाय टाकून. खिडक्यांना जाड पडदे लावलेले आणि वर एक बल्ब, दुसऱ्या खोलीतला काढून तात्पुरता लावलेला. तो मंद नव्हता, भडकलेला होता. बाई कुजबुजत म्हणाल्या, बरं झालं आलात, नवा आणलात ना? ह्यांनी मेन स्विच बंद करायचं म्हटलं. बाई म्हणाल्या, अहो, पंखा थांबला की सगळी उठतील, तासाभराने या ना. हे म्हणाले, उठू देत.

मी बोर्डाच्या झाकणावर तळवा टेकवला. गरम होतं, चांगलंच गरम. आणि वास होता, प्लास्टिक करपल्याचा. बाई म्हणाल्या, वास येतोय खरा कालपासून, मला वाटलं शेजाऱ्यांनी काहीतरी जाळलंय. तेवढं ऐकल्यावर ह्यांनी विचारलं नाही, स्विच पाडला. पंखा थांबला, खोली अंधारली, आणि एकामागून एक मुलं रडत उठली. बाई एकीला उचलतायत तर दुसरा भोकाड पसरतोय. मी दोघांना जवळ घेतलं. हे बोर्डाशी उभे राहिले. काही करत नव्हते, नुसते उभे होते.

टेपवाला आला तो हसतच. मनगटात टेपचं रीळ बांगडीसारखं अडकवलेलं. दादांनी मला बोलावलं म्हणजे आज काहीतरी विशेष, असं म्हणाला. ह्यांनी बोर्डाकडे बोट केलं. त्याने टेस्टर लावून करंट बंद असल्याचं पाहिलं, झाकण काढलं आणि वाकून बघितलं. न्यूट्रलची वायर जिथे बसते ती जागा काळी पडली होती. त्याने वायरीला बोटाने नुसता धक्का दिला तर ती डुगडुगली. या धंद्यात दुसऱ्याचा बोर्ड उघडला की आधी तो करणाऱ्याला शिव्या घालायच्या, अशी रीतच आहे. आमचे हेही आयुष्यभर तेच करत आलेत.

“कुठल्या गाढवाचं काम आहे हे?” टेपवाला म्हणाला.

मग टेपवाला ह्यांच्याकडे वळून म्हणाला, दादा, तुम्ही बसवून गेल्यावर कोणीतरी यात हात घातलाय. आणि बाईंनाही लगेच आठवलं. म्हणाल्या, हो हो, मध्ये मीटर बघायला माणसं आली होती, त्यांनीच केलं असणार, दादांचं काम असं नसतं. कडेवर पोर घेऊन त्या अगदी विश्वासाने बोलत होत्या. वाट आयती मिळाली होती. हे नुसते गप्प राहिले असते तरी चाललं असतं. आणि देवाशपथ सांगते, गप्प राहावं असं मला वाटलं.

“मीटरवाल्यांनी नाही,” हे म्हणाले. “मी. माझा हात गेलाय. या बोटांना काही कळत नाही.”

त्यांनी उजवा हात पुढे धरला. त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नेहमीचा हात होता. टेपवाल्याचं हसू तसंच अर्ध्यावर राहिलं. हे पुढे म्हणाले, हे एकच नाही, आणखी घरं आहेत. आणि भिंतीकडे बघत एकेक सांगायला लागले. शिंप्याचं दुकान. दाताच्या डॉक्टरांच्या घरचा वरचा मजला. पिठाची गिरणी. त्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बहिणी. प्रत्येक नाव घेतलं की मध्ये थांबायचे, आठवून बघायचे, मग पुढचं. माझ्या मांडीवरचं पोर रडायचं थांबून ह्यांच्याकडे बघत होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, रागाला मी उत्तर देऊ शकते. त्यांनी कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, मुलांकडे एकदा नजर फिरवली आणि टेपवाल्याला म्हणाल्या, “आता तुम्हीच करा. आणि यापुढेही तुम्हीच येत जा.” ह्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

टेपवाल्याने मान खाली घातली आणि पिशवी उघडली. खोलीत अंधार होता, बोर्डाच्या आतलं नीट दिसत नव्हतं. त्याने थोडा वेळ तसंच चाचपडलं. मग आवाज एकदम खाली आणून, हाताखाली शिकत होता तेव्हा बोलत असेल तसा म्हणाला, दादा, जरा बॅटरी धरता का?

ह्यांनी डाव्या हाताने बॅटरी घेतली, त्याच्या खांद्यामागे उभे राहिले आणि तो स्क्रू आवळेपर्यंत उजेड दाखवत राहिले.